अश्वचिकित्सेचा खर्च : पागा आणि शिलेदारी

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेविषयीं आजवर जें लेखन झालें आहे, त्यांत स्वाराची तैनात, सरंजामाचे आंकडे व लढायांचे तपशील यांचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु घोडा आजारी पडला म्हणजे त्याच्या औषधपाण्याचा पैसा कोणाच्या पदरचा जाई, या प्रश्नाकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि ज्या सैन्याची सारी मदार घोड्याच्या चार टापांवर होती, त्याच्या बळाचा व दौर्बल्याचा उलगडा या क्षुल्लक प्रश्नाच्या उत्तरांत बराचसा सांपडतो, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

प्रथम खर्चाचें स्वरूप पाहूं. घोडा हें जनावर दिसावयास बळकट, पण पोटानें व पायानें नाजूक. त्याला वांति होत नाहीं. खाल्लेलें बाधलें तर तें वर येण्यास वाटच नसते. म्हणून माणसाला एका रात्रीचा त्रास देणारा पोटशूळ घोड्याचा प्राण घेतो. पायाची गोष्ट तशीच. टाप फुटली, नाल सैल झाला, खडा रुतला, एवढ्यानें चांगला घोडा महिनाभर खुंटाळ्यावर उभा राहतो, आणि उभा राहिला तरी दाणा-वैरण खातोच. खोगिराखालीं पाठ लागणें, पावसाळ्यांत बरसातीच्या जखमा चिघळणें, नाकांतून शेंबा वाहूं लागणें हे आणखी निराळे. यांवर जीं औषधें जुन्या बाडांतून सांपडतात तीं बहुतेक स्वयंपाकघरांतलीं व पसाऱ्याच्या दुकानांतलीं आहेत : सुंठ, ओवा, हिंग, हळद, मेथी, काळें मीठ, गूळ, तूप, वरून लावावयास मोरचूद, हिराकस, तुरटी, आणि क्वचित् अफू किंवा भांग. बत्तीस जिनसांचा म्हणून जो बत्तिसा प्रसिद्ध आहे तो याच जातीचा. या जिनसा एकेकट्या महाग नव्हत्या. महाग पडे तें त्यांचें प्रमाण. माणसाला जेथें मासाभर पुरे तेथें घोड्याला पावशेर लागे, आणि तूप-गूळ तर शेरांनीं मोजावा लागे.

याच कारणामुळें हा खर्च जमाखर्चाच्या कागदांत एका सदरीं सहसा सांपडत नाहीं. तूप-गूळ कोठीच्या खर्चांत जातो, हिंग-सुंठ किरकोळींत, नाल-खिळे लोहाराच्या हिशेबांत, आणि उपचार करणाऱ्याला दिलेलें बक्षीस इनाम-खर्चांत. ज्यास तो शोधावयाचा असेल त्यानें ‘औषध’ हा शब्द शोधून भागणार नाहीं. ज्या महिन्यांत पागेकडे तुपाचा खर्च अकस्मात् चढला आहे तो महिना पाहावा.

आपल्याकडील शास्त्रकारांना हा खर्च चांगला ठाऊक होता. इ. स. १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक प्रकरण आहे. उत्तम घोड्याला रोज किती धान्य, एक प्रस्थ तूप किंवा तेल, पांच पळें मीठ, असा रतीब तेथें बांधून दिला आहे. नुकत्याच व्यालेल्या घोडीला तीन रात्रीं प्रस्थभर तूप पाजावें व पुढें दहा दिवस औषधयुक्त स्निग्ध पेय द्यावें असें सांगितलें आहे. युद्ध, व्याधि, म्हातारपण किंवा अतिश्रम यांनीं खंगलेल्या घोड्यांना निर्वाहापुरतें अन्न मिळावें अशीही सोय आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें कलम वैद्याच्या दंडाचें. उपचारांत वा औषधांत हयगय होऊन रोग वाढला, तर चिकित्सेस जो खर्च लागेल त्याच्या दुप्पट दंड वैद्यानें भरावा. आणि त्याच्या अपराधानें जनावर हातचें गेलें, तर जनावराची किंमत भरावी. खर्चाच्या दुप्पट दंड घ्यावयाचा, तर मूळ खर्च कोठें तरी लिहिलेला असलाच पाहिजे. म्हणजे एकेका घोड्याच्या नांवें उपचाराचा हिशेब ठेवण्याची कल्पना या ग्रंथकारापुढें होती, असें अनुमान निघतें. हा नियम प्रत्यक्षांत कितपत पाळला गेला हा वाद निराळा. पागा राजाची, वैद्य राजाचा नोकर, आणि नुकसान कोणाच्या माथीं मारावयाचें तें राजा ठरवितो, ही व्यवस्था त्यांत स्पष्ट आहे.

याच्या अगदीं उलट चित्र तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेच्या किनाऱ्यावर दिसतें. मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी तामिळ देशांतील पांड्यांच्या राज्याविषयीं लिहितो, कीं तेथील राजा व त्याचे भाऊ दरवर्षीं प्रत्येकीं दोन दोन हजारांवर घोडे अरबी व्यापाऱ्यांकडून विकत घेत आणि वर्षाअखेर त्यांतले शंभरही उरत नसत. कारण, घोड्याची निगा कशी करावी तें तेथील लोकांस ठाऊक नव्हतें व त्यांच्यापाशीं अश्ववैद्य नव्हते. पुढें तो जें सांगतो तें मार्मिक आहे. घोड्यांचे व्यापारी आपल्याबरोबर वैद्य आणीत तर नसतच, पण दुसरा कोणी तिकडे जाऊं लागला तर त्यालाही अडवीत; घोडे जितके मरतील तितका पुढल्या वर्षीं खप अधिक. आंकडे प्रवाशाचे आहेत, म्हणून ते थोडे सोडून द्यावे. परंतु वैद्याचा पगार वांचविणारा राजा घोड्यांच्या किंमतींत त्याच्या शेंकडोंपट मोजतो, हा हिशेब आंकडे निम्मे केले तरी बदलत नाहीं. याच प्रवाशानें ठाण्याच्या राजासंबंधानें लिहिलेलें येथें सांगण्याजोगें आहे : चांच्यांनीं गलबतें लुटावीं आणि त्यांत सांपडलेले घोडे तेवढे राजाला द्यावे, असा त्यांचा आपसांत करार होता. कोंकणपट्टीच्या राजाला घोडा किती दुर्मिळ होता हें यावरून दिसतें.

मोगलांच्या तबेल्याची व्यवस्था आईन-इ-अकबरींत तपशीलवार आली आहे. घोड्यांच्या चाकरींतील लोकांत बैतार म्हणजे अश्ववैद्य, नालबंद, पाणक्या, झाडूवाला हे तर आहेतच, पण दृष्ट लागूं नये म्हणून सिपंदाचें बीं जाळणारा एक स्वतंत्र नोकरही आहे. आजच्या वाचकाला त्याचें हंसूं येईल. तथापि वैद्य व धुरीवाला हे दोघेही एकाच यादींत पगार खात होते, आणि मालकाच्या मनांत दोघांचाही उपयोग एकच होता, हें ध्यानांत ठेवावें. नाल वर्षांतून दोनदां बदलीत. चारी पायांच्या नालांस पूर्वीं आठ दाम देत, ते पुढें दहा केले, अशी नोंद त्याच ग्रंथांत आहे.

आतां शिवकालाकडे वळूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तींत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांचा एक हवाला, पांच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. बखर वाचतांना या दोन असामी डोळ्यांखालून सहज निसटतात; हजारीच्या होनांकडे लक्ष जातें. पण गणित करून पाहावें. पंचवीस घोडे म्हणजे शंभर टापा एका नालबंदाच्या हवालीं. हजारींत नांवाला हजार, पण हिशेबानें साडेबाराशें घोडे. म्हणजे पन्नास नालबंद व पन्नास पखालजी सरकारच्या पगारावर. लोहार शोधीत स्वारानें गांवोगांव हिंडावें ही पाळी त्यावर येऊं नये, अशी ही योजना आहे. त्याच बखरींत पावसाळ्याच्या छावणीचा नियम सांगितला आहे. मुलुखगिरीहून पागा परत येण्यापूर्वीं छावणीच्या जागीं दाणा, वैरण व औषधें सांठवून ठेवावीं, आणि माणसांचीं घरें व घोड्यांचे तबेले गवतानें शाकारून तयार असावे. दाण्याच्या व वैरणीच्या जोडीला औषधाचा उल्लेख व्हावा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. औषध ही येथें आजार आल्यावर धांवपळ करून आणावयाची वस्तु राहिली नाहीं. ती पावसाळ्याच्या बेगमींतली एक बाब झाली.

घोडा सरकारचा, औषध सरकारचें, नालबंद सरकारचा. मग स्वाराला काळजी कसली? हाच या पद्धतीचा दुबळा भाग होय, आणि तो खुद्द महाराजांनीं ओळखला होता. चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेलें जें प्रसिद्ध पत्र राजवाड्यांनीं आपल्या आठव्या खंडांत छापलें आहे, तें बहुधा रयतेच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून उद्धृत केलें जातें. तसें तें आहेच. परंतु तें पागेच्या खर्चाचेंही पत्र आहे, इकडे आमच्या लेखकांनीं पाहिलें नाहीं. पावसाळ्यासाठीं दाणा व वैरण मोठ्या कष्टानें जमविली आहे. ती आतांच बेहिशेबीपणें चारून संपविली तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, उपास पडतील, घोडे मरूं लागतील. म्हणजे तुम्हींच घोडे मारिले असें होईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवूं नयेत, रात्रीं दिवे जळते ठेवूं नयेत, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यानें तें लिहिलें आहे. उपासानें मेलेल्या घोड्याच्या मृत्यूचा दोष हवालदारावर ठेवणें, आणि हयगयीनें मेलेल्या घोड्याची किंमत वैद्याकडून घेणें, या दोहोंतील न्याय एकाच जातीचा आहे. ज्याच्या खिशाला झळ लागत नाहीं त्याला जबाबदारीची तरी झळ लागावी, असा त्याचा हेतु.

शिलेदाराची गोष्ट याहून निराळी होती. घोडा त्याचा, हत्यार त्याचें. सरकार ठरलेली तैनात देई. दाणा, नाल, औषध हें सर्व त्यानें त्या तैनातींतून करावयाचें. घोडा धडधाकट असेल तोंवर हा व्यवहार दोन्ही पक्षांना सोयीचा. सरकारला पागेचें लचांड नको, शिलेदाराला हवालदाराची टेहळणी नको. परंतु घोडा लंगडला म्हणजे पुढल्या गणतीला कोणता घोडा उभा करावयाचा हा प्रश्न येई, आणि मेला म्हणजे स्वाराचें भांडवल व चाकरी हीं दोन्ही एका रात्रींत बुडत. पेशवाईंत जे स्वारांचे वर्ग सांगतात, म्हणजे खासगी पागा, शिलेदार, एकांडे व पेंढारी, त्यांत एकांड्याची स्थिति सर्वांत बिकट. दहा घोडे बाळगणारा शिलेदार एक घोडा खुंटाळ्यावर बांधून नवांवर निभावून नेई. एकांड्याजवळ घोडा एकच. त्याचा पोटशूळ हा धन्याच्याच पोटावरचा पाय.

‘नालबंदी’ या शब्दाचा इतिहास येथें उपयोगी पडतो. मुळांत तो घोड्याला नाल मारण्याच्या खर्चाचा वाचक. पुढें शिलेदाराला चाकरीवर ठेवतांना जी रक्कम आगाऊ हातावर ठेवीत तिला नालबंदी म्हणूं लागले, आणि शेवटीं नालाचा संबंध नांवापुरता उरला. ज्यांनीं मोडी कागदांत हा शब्द वाचून तेथें केवळ लोहाराचा खर्च गृहीत धरला, त्यांचे हिशेब जुळणार नाहींत. पण शब्दाचा हा प्रवास अर्थशून्य नाहीं. सभासदाच्या बखरींत नालबंद हा पगारी माणूस आहे. पेशवाईच्या कागदांत नालबंदी ही रक्कम आहे. माणूस जाऊन त्याच्या जागीं पैसा आला. तो पैसा खरोखर नालावर खर्च झाला कीं सावकाराचें मागील व्याज भागविण्यांत गेला, हें पाहणें सरकारला कठीण झालें.

मराठा स्वार निकराची लढाई टाळतो, घोडा वांचवितो, असा आरोप इंग्रज लेखकांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून केला, व आमच्यांतील कित्येकांनीं तो स्वभावदोष म्हणून मुकाट्यानें मान्य केला. यांत स्वभावाचा प्रश्न थोडा आणि हिशेबाचा अधिक आहे. ज्याचा घोडा जखमी झाला तर त्याचें औषध, त्याचा दाणा आणि तो मेला तर त्याची किंमत हीं सर्व ज्याच्या त्याच्या पदरचीं, तो स्वार घोड्याला तोफेच्या तोंडीं देण्यापूर्वीं दोनदां विचार करणारच. पागेंतल्या बारगिराला हा विचार करण्याचें कारण नव्हतें. शिवाजी महाराजांनीं शिलेदारांना पागेच्या अंमलाखालीं ठेवलें, याचें मर्म मला यांत दिसतें. पुढें राज्य पसरलें, रोख पैसा अपुरा पडूं लागला, सरंजाम वांटले गेले आणि शिलेदारी वाढली. तिच्याबरोबर घोड्याच्या आजाराचा बोजा राज्याच्या खांद्यावरून एकेका कुणब्याच्या खांद्यावर आला. पानिपतावर इ. स. १७६० च्या नोव्हेंबरापासून पुढील जानेवारीपर्यंत फौज कोंडली गेली तेव्हां घोडे उपासानें मेले; त्यांत जे शिलेदारांचे होते त्यांचे धनी १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडण्यापूर्वींच नागवले होते.

याच हिशेबानें भीमथडीच्या तट्टाची लोकप्रियताही समजते. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील हें जनावर अरबी घोड्यापुढें ठेंगणें व दिसावयास साधें. पण तें देशावरच्या कडब्यावर राहतें, खडकाळ वाटेवर टाप राखतें आणि त्याला फारसें औषध लागत नाहीं. सरदारानें मिरवावयास अरबी घोडा ठेवावा. ज्याला औषधाचे पैसे स्वतः मोजावे लागत त्यानें तट्टू घ्यावें, हें ओघानेंच आलें. घोड्याची किंमत बाजारांत एकदां द्यावी लागते, त्याच्या प्रकृतीची किंमत रोज.

आतां पोथ्यांविषयीं थोडें. शालिहोत्राच्या नांवावर चालणारे ग्रंथ, नकुलाचें अश्वशास्त्र, जयदत्ताचें अश्ववैद्यक यांच्या प्रती संग्राहक आवडीनें जमवितात. जयदत्ताचा ग्रंथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत छापलाही. फारसी फरसनामे चित्रांसाठीं जपले जातात. परंतु जुन्या शिलेदार घराण्यांच्या रुमालांत जीं सुटीं पानें असतात, अर्ध्या मोडींत व अर्ध्या बालबोधींत लिहिलेलीं, तेलकट डागांचीं, वर ‘घोड्यास कुरकुरी जाहली तरी’ अशा धर्तीची सुरुवात असलेलीं, त्यांना कोणी विचारीत नाहीं. सनदा व महजर निवडून घेतल्यावर उरलेला गठ्ठा रद्दींत जातो. एका घरीं अशाच गठ्ठ्याचीं पानें दिवाळीच्या फराळाखालीं घातलेलीं प्रस्तुत लेखकानें पाहिलीं आहेत. खर्चाच्या इतिहासाला पोथीपेक्षां हीं पानें अधिक उपयोगाचीं, कारण पोथींत जें औषध असावें असें शास्त्र म्हणतें तें असतें, आणि पानांत जें परवडलें तें. पोथींतल्या पाठांत तूप असेल तेथें पानांत पुष्कळदां तेल, आणि कस्तुरी असेल तेथें हिंग. हा बदल लेखकाचा प्रमाद समजून पाठ ‘शुद्ध’ करूं नये. संग्राहकानें अशा पानांवरील जिनसांचीं वजनें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, आणि तें पान ज्या रुमालांत सांपडलें त्यांतील शेजारच्या हिशेबापासून तें तोडूं नये.

पेशवाईच्या अखेरीस या व्यवस्थेला एक अनपेक्षित पुरवणी जोडली गेली. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें बाजीरावाच्या खर्चानें इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं जें घोडदळ उभें राहिलें, त्यांतून पुढें पूना हॉर्स हा रिसाला झाला. त्यानें व हिंदुस्थानांतील इतर अनेक रिसाल्यांनीं शिलेदारी पद्धतच चालविली, नांवही तेंच ठेवलें. स्वारानें भरती होतांना असामीची रक्कम भरावी, घोडा, खोगीर व दाणा त्याच्या जोखमीचा. मात्र कंपनीच्या व पुढें राणीच्या सरकारच्या रिसाल्यांनीं एक तोड काढली, तिचें नांव चंदा. (चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, तिचा याच्याशीं संबंध नाहीं.) प्रत्येक स्वाराच्या पगारांतून दरमहा कांहीं रक्कम कापून एक निधि करीत, आणि कोणाचा घोडा मेला वा निकामी झाला तर त्या निधींतून नवा घोडा घेण्यास मदत मिळे. रिसाल्यांत सालोत्री नेमलेला असे. हा शब्द शालिहोत्र या ऋषीच्या नांवाचाच अपभ्रंश. पागेंत जोखीम सरकारची होती, शिलेदारींत एकट्या धन्याची. चंद्यांत ती साऱ्या रिसाल्यावर वांटली गेली. इतकी साधी युक्ति आमच्या शिलेदारांना सुचली नाहीं असें नव्हे. गांवकीच्या वर्गण्या व भिशा त्यांच्या परिचयाच्या होत्या. परंतु वर्गणी टिकण्यास एकाच निशाणाखालीं वर्षानुवर्षें राहणारी टोळी लागते, आणि शिलेदार दसऱ्याला ज्याच्याकडे तैनात बरी त्याच्याकडे जाई.

इंग्रजी अमलांत चिकित्सेचेंही रूप बदललें. पुण्यास इ. स. १८६२ मध्यें लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली. मुंबईस परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाच्या जनावरांच्या इस्पितळाशेजारीं इ. स. १८८६ मध्यें पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें. इ. स. १८७९ च्या कायद्यानें शेंबा झालेला घोडा मारून टाकण्याचा अधिकार सरकारनें घेतला. जुन्या पानांत या रोगावर महिनेमहिने चालणारे उपचार लिहिलेले असतात. ज्या रोगांतून घोडा उठत नाहीं व जो शेजारच्या घोड्याला आणि माणसालाही जडतो, त्यावर तो खर्च वायां गेला इतकेंच नव्हे, तर त्यानें रोग पसरविला. इ. स. १८८० मध्यें ग्रिफिथ इव्हान्स यानें डेरा इस्माइलखान येथें सुरा या रोगाचें कारण असलेले रक्तांतील सूक्ष्म जंतु शोधून काढले, तेव्हां ‘घोडा आंतून झिजतो’ एवढेंच वर्णन असलेल्या एका जुन्या आजारावर प्रथमच प्रकाश पडला.

चंद्याचा निधि शांततेच्या काळांतील मृत्यूंच्या हिशेबावर बेतलेला होता. इ. स. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत घोडे इतक्या संख्येनें पडले व बदली घोडे इतक्या दूर पाठवावे लागले, कीं कोणत्याही रिसाल्याची वर्गणी त्याला पुरी पडणें शक्य नव्हतें. घोडे सरकारलाच पुरवावे लागले. इ. स. १९२१ च्या पुनर्रचनेंत शिलेदारी पद्धत बंद झाली. त्यानंतर रिसाल्यांतला घोडा, त्याचा नाल, दाणा आणि औषध हीं पुन्हां सरकारच्या खर्चीं पडलीं, म्हणजे सभासदानें वर्णिलेल्या पागेच्या जागीं येऊन ठेपलीं.